मूर्तिपूजकांचा हौद

म्हसवडच्या अलीकडे ओढ्याकाठी मिशनचा एक दगडी हौद आहे. गोऱ्या पाद्र्यांच्या काळात तो बांधला गेला आणि कैक वर्षे माणसांनी व जनावरांनी त्याचे पाणी सारख्याच निष्ठेने प्यायले. मग झरा आटला. यंदा मिशनच्या परदेशातल्या संस्थेने तिथे बोअर मारली, सौरपंप बसवला आणि गवंड्याला हौद घासून काढायला सांगितले. गवंडी कामाला चोख निघाला आणि गाव संकटात सापडले.

चुन्याचे थर निघाल्यावर दर्शनी दगडावर कोरलेली अक्षरे दिसू लागली : ‘अज्ञानी मूर्तिपूजक लोकांस व त्यांच्या गुरांस हे पाणी मोफत.’ उद्घाटनाला परदेशी बाई आल्या होत्या. गावच्या चर्चचे पाळक शमुवेल यांनी भाबडेपणाने त्यांना अर्थ सांगितला. बाई लालबुंद झाल्या. जमलेल्या प्रत्येकाची त्यांनी हात जोडून माफी मागितली, गडबडीत एका बोकडाचीही मागितली. मग त्यांनी ठरवून दिले की, या लोकांनी स्वतःसाठी सन्मानाचा शब्द एकमताने निवडून तो दगडावर कोरेपर्यंत पंप सुरू करायचा नाही. समिती नेमली, किल्ली समितीच्या हवाली केली आणि बाई विमानाने परत गेल्या.

बिराप्पा धनगराला तोवर आपला अपमान झाल्याचे ठाऊकच नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते की मेंढ्या नुकत्याच व्याल्या आहेत, कोकरांना घेऊन लांबच्या पाण्यावर जाता येत नाही आणि टँकर फक्त माणसांसाठी येतो. पाण्यावाचून मेंढ्यांचे दूध आटत चालले होते. मूर्तिपूजकांचा प्रतिनिधी म्हणून त्याला समितीत घेतले, तेव्हा किल्लीच्या जवळ राहता येईल म्हणून तो बसला.

बैठका निवृत्त सुभेदार लालासाहेबांच्या सोप्यात भरत. खुर्च्या त्यांच्याकडे होत्या, म्हणून अध्यक्षही तेच झाले. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितले की मूर्तिपूजेबद्दल त्यांची तक्रार नाही, ‘अज्ञानी’बद्दल आहे. शाळेतल्या आम्रपालीबाईंची तक्रार मात्र मूर्तिपूजेबद्दलच होती. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली देव सोडले होते, आणि घागरभर पाण्यासाठी त्या परत मूर्तिपूजकांत जमा व्हायला तयार नव्हत्या. तेवढ्यात लालासाहेबांच्या सूनबाई राजेश्वरी चहा घेऊन आल्या. सासऱ्यांना आणि बिराप्पाला त्यांनी सोनेरी काठाच्या कपांतून चहा दिला. पाळकांना आणि आम्रपालीबाईंना कागदी कप दिले. बाहेरून येणाऱ्यांसाठी स्वच्छतेला हेच बरे, असे त्या म्हणाल्या. बिराप्पा मेंढवाड्यातून थेट आला होता. सोनेरी काठ बघून त्याची छाती फुगली.

दुसऱ्या बैठकीत पाळकांनी बायबलमधलाच एक शब्द सुचवला. जे आपल्यातले नाहीत त्यांना तिथे ‘परराष्ट्रीय’ म्हणतात. लालासाहेब खुर्चीत ताठ बसले.

“पाळकसाहेब, मी बर्फात उभा राहून सरहद्द राखली. आता माझ्याच माण तालुक्यात मी परराष्ट्रीय व्हय?”

शब्द मागे घेण्यात आला. मग ‘ख्रिस्तेतर’ आला. माणसाला तो काय नाही यावरून ओळखायचे असेल तर साऱ्या गावाला ‘सुभेदारेतर’ म्हणा, असे आम्रपालीबाई म्हणाल्या. हा शब्द लालासाहेबांना आवडला आणि त्यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. ‘इतर’ही पडला, कारण ज्याला ‘इतर’ म्हणतात त्याच्या वाट्याला उरलेले येते, असा बाईंचा अनुभव होता. ‘सर्व लोक’ हा शब्द धोकादायक ठरला. सर्व म्हटले की शेजारच्या गावचेही घागरी घेऊन येणार.

तोवर बिराप्पाचे एक कोकरू गेले होते. तो उठून उभा राहिला.

“आवं सुभेदार, दगड कोरा ठिवा की. माज्या मेंढरांस्नी वाचाया येत न्हाई.”

समिती समजुतीने हसली. शब्दच नसेल तर कुणी कुठे पाणी प्यायचे हे लोकांना कळणार कसे, असे लालासाहेबांनी त्याला समजावले. सूचना अव्यवहार्य म्हणून नोंदवली गेली.

तिसऱ्या बैठकीत लालासाहेब परक्यांनी आपल्याला काय काय नावे ठेवली यावर पोटतिडकीने बोलले. पाळक शमुवेल कागदी कप हातात घेऊन ऐकत होते.

“आणि तुम्ही आम्हाला काय म्हणता?” त्यांनी शांतपणे विचारले. “इथं शब्दांचाच हिशेब चाललाय म्हणून विचारलं.”

 तो शब्द साऱ्या गावाला पाठ होता. त्याच सकाळी पाळकांची शेळी कुंपणात शिरली, तेव्हा बिराप्पाने तो तिच्यासकट साऱ्या घराला उद्देशून वापरला होता. अखेर लालासाहेब खाकरले आणि तो विषय आजच्या पत्रिकेवर नसल्याचे त्यांनी निदर्शनास आणून दिले.

शेवटी ‘आदरणीय बंधुभगिनींस व त्यांच्या पशुधनास’ असे ठरले. एकमत झाले, अक्षरे कोरली गेली आणि पंप सुरू झाला. पाणी दगडावरून हौदात पडू लागले तेव्हा साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बिराप्पाने वाजवल्या नाहीत. आदल्याच दिवशी दुसरे कोकरू दगावले होते आणि त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

ते कळल्यावर पाळक आणि आम्रपालीबाई संध्याकाळी मुद्दाम त्याच्या वस्तीवर गेले. बाईंनी जगलेल्या एका कोकराला मांडीवर घेतले. पाळक बिराप्पाच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले. लालासाहेब काही आले नव्हते. बिराप्पाला भरून आले. चहा घेतल्याशिवाय जायचे नाही म्हणून त्याने दोघांना हट्टाने बसवले आणि बायकोला हाक मारली.

दगडाबाईने चहा उकळला. नवऱ्यासाठी फळीवरचा पेला काढला. मग ती दाराबाहेर गेली आणि वळचणीखालच्या कोनाड्यातून कान तुटलेले दोन कप काढून विसळू लागली. बिराप्पाने ते पाहिले. त्याला लाज वाटली, काहीतरी बोलावेसेही वाटले. पण एवढ्या वर्षांत त्या कपांबद्दल घरात कुणी कधी बोललेच नव्हते, त्यामुळे सुरुवात कुठून करायची ते त्याला सुचेना. त्याने आपला चहा पिऊन टाकला.

त्या कपांवर एक अक्षर लिहिलेले नव्हते. तरी दगडाबाईचा हात चुकला नाही.

हे वाचून शहरातले आदरणीय बंधुभगिनी हळहळतील, खेड्यापाड्यांत अजून असे चालते म्हणतील, आणि ते खरेच आहे. शहरात कामवाल्या मावशींचा कप दाराबाहेर नसतो, ओट्याखाली असतो. त्याच्यावरही काही लिहिलेले नसते.