बटणावर तीन शब्द

शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास मीटरवाल्यांच्या हातून एक अख्खं गाव जळालं. त्यांना खरं तर फक्त एक दिवा हवा होता.

एकतीस वर्षं त्यांनी घरोघरी फिरून विजेच्या मीटरचे आकडे टिपले होते. निवृत्त झाले तरी लोक त्यांना मीटरवालेच म्हणत. त्यांची मुलगी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत होती. राक्षस, तलवारी, मंतरलेल्या गुहा असा सगळा मामला. त्यातली माणसं काय बोलतात ते लिहिण्याचं काम तिच्याकडे होतं. शुक्रवारी संध्याकाळी तिने लॅपटॉप आणून त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"बाबा, हा आमचा नवा खेळ. सोमवारी साहेबांना दाखवायचाय. तुम्ही खेळून बघा. बोलणं कुठे खटकलं तर वहीत लिहून ठेवा."

"मला कशाला? तुमच्याकडे पोरं आहेत ना तपासायला."

"ती वाचतच नाहीत. धडाधड बटणं दाबतात आणि लढाईला पळतात. मला वाचणारा माणूस हवाय."

"बघतो."

मीटरवाले हल्ली एवढंच बोलत. बायको जाऊन आठ महिने झाले होते. मुलगी रोज फोन करून जेवलात का विचारायची, ते "हो" म्हणायचे. बरं वाटतंय का विचारलं, की "बरंय". मग "ठेवतो".

शनिवारी सकाळी त्यांनी वहीत रकाने आखले. वेळ, ठिकाण, शेरा. खेळ सोपा होता. कोणी काही बोललं की खाली दोन-तीन बटणं यायची. त्यातलं एक दाबलं की आपला नायक बोलायचा. बाराच्या आत चार नोंदी झाल्या. "९.२०. लोहार. न विचारता तीन पिढ्यांची माहिती दिली." "९.५०. पहारेकरी. ओळखदेख नसताना राणीचं गुपित सांगितलं." दार उघडणारा माणूस आधी कोण पाहिजे म्हणून विचारतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मग गावाबाहेर एक झोपडी आली. गवताच्या छपराची. दारात दिवे विकणारी म्हातारी उभी होती. ती म्हणाली, "आलात? चपला वाटेत नका काढू, कडेला काढा. येणारा-जाणारा अडखळतो."

मीटरवाल्यांचा हात जागीच थांबला. चौतीस वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी हेच वाक्य ऐकलं होतं. शब्दात फरक नव्हता. लेकीने आईचं बोलणं उचलून इथे ठेवलं होतं आणि बापाला सांगितलं नव्हतं.

म्हातारी पडद्यावर उभीच होती. तिला ताटकळत ठेवणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी बटणं वाचली आणि त्यातलं "दिवा मागा" दाबलं.

नायक गरजला, "थेरडे, दिवा दे. नाहीतर या झोपडीचाच दिवा करीन."

म्हातारीने दार लावून घेतलं.

मीटरवाले खुर्चीतून उठलेच. एकतीस वर्षांत त्यांनी कोणाच्या दारात आवाज चढवला नव्हता. पुन्हा बसून त्यांनी दाराशी गेल्यावर येणारं बटण शोधलं. "समजूत घाला". ते दाबलं. नायकाने दारावर लाथ घातली आणि म्हणाला, "तुझ्यासारख्या दहा जणींना सरळ केलंय मी." गावात घंटा वाजायला लागली. पहारेकरी धावत आला, नायकाला धरून गावात घेऊन गेला आणि काय प्रकार आहे म्हणून विचारू लागला. बटणं होती "लढा", "पळा" आणि "खरं सांगा". मीटरवाल्यांनी विचारही केला नाही.

"खरं सांगायचं तर," नायक म्हणाला, "हे गाव मला पहिल्यापासूनच आवडलेलं नाही."

पहारेकऱ्याने तलवार उपसली. आता शरण जाणंच शहाणपणाचं, असं ठरवून मीटरवाल्यांनी "हातातलं खाली ठेवा" दाबलं. नायकाच्या हातात मशाल होती. ती त्याने जिथे उभा होता तिथेच ठेवली, गवताच्या गंजीत.

रविवारी मुलगी आली तेव्हा ते तसेच टेबलापाशी बसले होते.

"बाबा, हे काय?"

"गाव."

"कुठेय?"

"होतं."

तिने पडदा न्याहाळला. सगळीकडे राख होती. राखेत लोहार उभा राहून आजोबांची माहिती देत होता. झोपडी गावाबाहेर असल्यामुळे वाचली होती, पण तिचं दार बंद होतं.

"काल दुपारपासून मी त्या दाराशी आहे," मीटरवाले म्हणाले. "ती एवढंच म्हणते, चालते व्हा. तिचं काही चुकलं नाही म्हणा."

मुलीने वही वाचली आणि कपाळावर हात मारला. बटणं तिने लिहिली होती. नायकाची वाक्यं मात्र दुसऱ्याने लिहिली होती. तो कानाला हेडफोन लावून तिच्या शेजारीच बसायचा. त्याला नायक आडदांड हवा होता, तिला सभ्य. दोघांनीही एकमेकांचं वाचलं नव्हतं.

"बटणावर तीनच शब्द मावतात, बाबा. बाकीचं तो बोलतो."

"म्हणजे आपण तीन शब्द बोलायचे आणि बाकीचं भलतंच निघणार."

"तुम्ही तरी फोनवर किती बोलता?" ती म्हणाली. "तुम्ही बरंय म्हणालात की त्यात किती बरं आणि किती नाही, हे मी रात्रभर शोधत बसते."

मीटरवाल्यांनी वही मिटली. तिला जास्त बोलल्यासारखं वाटलं असावं. ती म्हणाली, "जाऊ द्या. हे पुसून टाकते. नव्याने सुरू करा, ती पुन्हा बोलेल."

"पुसू नकोस. बोललोय मी तिला. पुसलं म्हणून न बोलल्यासारखं होतं का? माफी मागायचं बटण कर."

मुलीने लिहायचं पान उघडलं. "सांगा, नायक काय म्हणेल?"

मीटरवाल्यांनी घसा साफ केला. "लिही. मी दिवा मागायला आलो होतो. वेडंवाकडं बोललो. तुम्ही चपला कडेला काढायला सांगितल्या, त्या मी कधी काढल्या नाहीत. मला वाटायचं, सांगणारं माणूस आहे, घाई काय आहे. तू सांगत राहिलीस. आता कोणी सांगत नाही, तर रोज कडेला काढतो. न चुकता."

मधेच तुम्हीचं तू झालं होतं. मुलीने ते तसंच राहू दिलं. मग तिने विचारलं, "बटणावर काय?"

"चुकलं माझं."

"अजून एक शब्द मावेल."

"राहू दे."

सोमवारी साहेबांना खेळ दाखवला तेव्हा गाव जळालं नाही. वहीच्या नोंदी घेऊन मुलगी आणि तो हेडफोनवाला अशी दोघं आदल्या रात्री फोनवर भांडत भांडत एकेक वाक्य दुरुस्त करत होती. बुधवारी मुलगी लॅपटॉप परत ठेवून गेली. "तुमची राख तशीच ठेवलीय," जाताना म्हणाली.

चार वाजता मीटरवाले राखेतून, लोहाराला टाळून, झोपडीपाशी गेले. बटण दाबलं. नायकाने एकही शब्द न गाळता सगळं म्हटलं. आडदांड माणसाच्या तोंडी ते जरा विचित्र दिसलं. बराच वेळ काही झालं नाही.

मग दार उघडलं. म्हातारी बाहेर आली. पुढचं वाक्य मीटरवाल्यांनी सांगितलेलं नव्हतं.

"एवढं बोलायला गाव जाळावं लागलं?"

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसला, वही पुढे ओढली आणि रकान्यात लिहिलं:

"४.१०. दिवेवाली. बोलण्यात दोष नाही."