शेषरावांची दुसरी भाची

भाचीच्या लग्नात मामाच उशिरा पोचला, तर त्यानं पुन्हा बहिणीला तोंड कसं दाखवायचं? मोताळ्याजवळ एस.टी. पंक्चर झाली तेव्हापासून रोहिणखेडचे शेषराव याच घोरात होते. भाची म्हणजे थोरल्या बहिणीची, झुंबरबाईंची रुख्मिणी. तिला बोहल्यावर आणायचं, पाठीशी उभं राहायचं, हा मामाचा मान. आपल्या घराण्यात तीन पिढ्यांत एकही मामा चुकला नाही, हे शेषरावांनी बसमधल्या प्रत्येकाला सांगून झालं होतं. कंडक्टरला तर दोनदा.

"भाऊ, हात जरा चालवा न!"

"मामा, चाक त लावू द्या आंधी!" ड्रायव्हर करवादला.

मलकापुरात उतरले तेव्हा मुहूर्त डोक्यावर आला होता. 'स्टेशनामागच्या गल्लीत मांडव' असं बहिणीनं चिठ्ठीत कळवलं होतं. आहेराचं हिरवं लुगडं छातीशी धरून शेषराव गल्लीत शिरले, तर समोरच मांडव! आता भर तिथीला एका गल्लीत दोन मांडव असू शकतात, हे घाईतल्या माणसाला सुचतंय कशाला? आतून भटजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" आणि मांडव एकदम गप्प झाला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेषरावांना वाटलं, सगळा खोळंबा आपल्यापायी!

"आलो, आलो! मामा आला! सरका जरा!"

लोक सरकले. वरपक्षाला वाटलं, मुलीकडचा कुणी असेल. मुलीकडच्यांना वाटलं, आईच्या माहेरचा लांबचा असेल. लग्नात फेटा बांधून घाईनं शिरणाऱ्याला 'तुम्ही कोण' विचारायची छाती आपल्याकडे आहे कुणाची? शेषरावांनाही ओळखीचं माणूस दिसेना, पण 'हे सारे अक्काच्या सासरकडचे' म्हणून त्यांनी सरसकट रामराम ठोकला. नवरी नाकापर्यंत पदर ओढून बसली होती. त्यांनी लुगडं तिच्या ओटीत घातलं आणि खांदे धरून तिला उठवलं. खांदे हाताला बारीक लागले.

"किती वाळली वो पोरी! भेऊ नको," ते कानाशी पुटपुटले, "मी हाओ न तुह्या पाठीशी."

पदराआडून हुंदका आला. शेषरावांचेही डोळे भरले. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि नवरीनं मान वर केली.

ती रुख्मिणी नव्हती!

"ही... ही कोण वो?"

तेवढ्यात एक बाई त्यांच्या पायाशी वाकल्या. "मी वच्छला. ही माही पंचफुला. मले भाऊ नाही, दादा. भटजीनं मामाले हाक मारली, तवा कोणाले उभं करू म्हणून जीव कासावीस होऊन राह्यला होता. तुम्ही कोठचे, मले ठाव नाही. पण देवासारखे आले!"

शेषरावांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, पुढच्या मांडवाची चौकशी केली आणि धूम ठोकली.

पुढच्या मांडवात झुंबरबाई बोहल्यासमोर पाय रोवून उभ्या होत्या. "माहा भाऊ आल्याबिगर अंतरपाट धरसान त पाहा!" या दमापुढे त्यांचे यजमान उकंडराव आणि भटजी दोघेही नुसते घड्याळाकडे बघत होते. शेषराव धापा टाकत पोचले, या खेपेला तोंड नीट बघून भाचीला उचलून आणलं आणि शेवटच्या मिनिटाला लग्न लागलं. मग झुंबरबाईंनी भावाला कोपऱ्यात घेतलं.

"आहेर कोठी हाय?"

शेषरावांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. "वापस कसा मागू, अक्का? जीभच नाही रेटली."

झुंबरबाईंनी पदर खोचला आणि त्या तरातरा निघाल्या.

"अक्का, राहू दे वो ते लुगडं! मी दुसरं आणतो, आताच आणतो!" शेषराव मागे पळाले. आज बहीण चारचौघांत त्या गरीब बाईची शोभा करणार, हीच त्यांना धास्ती.

झुंबरबाई थेट वच्छलाबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्या माणसाले तू दादा म्हटलं काय?"

"हो, बाई."

"हा माहा पाठचा भाऊ. मंग मी तुही कोण झाली?"

"ब... बहीण."

"मंग लेकीच्या लग्नाचं बोलावणं काऊन नाही धाडलं मले? बहिणीले लग्न लागल्यावर समजते काय?"

सगळा मांडव हसायला लागला. वच्छलाबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी धावत जाऊन करंडा आणला, झुंबरबाईंच्या कपाळी कुंकू लावलं आणि लागून गेलेल्या लग्नाचं रीतसर आमंत्रण दिलं. झुंबरबाईंनी ते ऐटीत घेतलं, पंचफुलेची दृष्ट काढली आणि कानशिलावर बोटं मोडली. शेषरावांची छाती फेट्याएवढी फुगली. अशी बहीण साऱ्या जिल्ह्यात शोधून सापडायची नाही! ते शेजारच्या माणसाला सांगायलाच लागले, "ही माही सख्खी..."

तेवढ्यात झुंबरबाई वळल्या.

"अन् तू बे! एका दिवशी दोन भाच्यांचं लग्न, अन् घरून एकच लुगडं घेऊन निंगाला? लाज नाही वाटली तुले?"