डबी क, डबी ख

त्या सकाळी तपासनीसांनी गार पाण्याने चूळ भरली आणि डाव्या बाजूची खालची दाढ अशी ठणकली, की त्यांनी आरशातल्या स्वतःकडेच रागाने बघितलं. ती ठणक मुकाट्याने गिळली असती तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण बायको दारातच उभी होती आणि तिची धाकटी बहीण दातांची डॉक्टर होती. चहा निवायच्या आत फोन झालासुद्धा.

मेहुणीचं म्हणणं सरळ होतं. भावजींनी सोमवारी दवाखान्यात यावं, खुर्चीत बसावं, ती बघेल. खुर्चीचं नाव ऐकताच तपासनीसांनी फोन बायकोच्या हातात परत दिला. औषधांच्या कारखान्यात त्यांनी तेवीस वर्षं नमुने तपासले होते, त्यांच्या एका शेऱ्यावर ट्रकभर माल फाटकातून परत फिरायचा. पण दात कोरायच्या यंत्राचा आवाज नुसता आठवला तरी ते दोन्ही हातांनी कान झाकून घ्यायचे. (पाच वर्षांपूर्वी ते एकदा त्या खुर्चीत बसले होते. नुसतेच बसले होते. तोंड उघडायच्या आधी त्यांना ऑफिसातलं तातडीचं काम आठवलं. तो रविवार होता.)

तेव्हा काहीतरी पळवाट काढणं भाग होतं. दोन दिवस त्यांनी फोनवर वाचन केलं आणि तिसऱ्या दिवशी एक महागडी ट्यूब घेऊन आले. तिच्यात फ्लोराइड नव्हतं, हायड्रॉक्सिॲपेटाइट होतं. जेवताना त्यांनी सगळ्यांना समजावलं, की दात मुळात बनतो तोच या खनिजाचा. पेस्टमध्ये त्याचेच बारीक कण असतात आणि ते दाताच्या झिजलेल्या भागावर जाऊन बसतात. सासऱ्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता, पण सगळ्यांत लक्ष देऊन ऐकलं ते त्यांनीच.

फोनवर हे सगळं ऐकून मेहुणी हसली नाही, हा तिचा मोठेपणा. पेस्ट वाईट नाही, ती म्हणाली, काही अभ्यास चांगले आहेत, फ्लोराइडचा अनुभव मात्र कितीतरी जुना आहे. "पण भावजी, दाढेला भोक पडलं असेल तर ते यातली कुठलीच पेस्ट बुजवणार नाही. तुम्ही सोमवारी या."

"आधी चाचणी," तपासनीस म्हणाले. "एकवीस दिवस. नवी पेस्ट सरस ठरली तर खुर्चीचं नाव काढायचं नाही. नाही ठरली तर मी आपल्या पायांनी येऊन बसेन."

चाचणी म्हटल्यावर त्यांना हुरूप आला. कारखान्यात नव्या उमेदवाराला पारखायची त्यांची एक खास रीत होती आणि तिचं कौतुक घरातल्यांना पाठ झालं होतं. एकच सिरप दोन बाटल्यांत भरायचं, उमेदवारापुढे ठेवायचं आणि फरक विचारायचा. काहीच फरक नाही म्हणेल तो पास. फरक शोधून काढेल त्याची रवानगी खोकी बांधायला.

घरातल्या चाचणीतही कुठली पेस्ट कुठली हे कुणाला कळता कामा नये, म्हणून त्यांनी दोन सारख्या डब्या आणल्या आणि त्यांवर क आणि ख लिहिलं. डब्या भरायला असा माणूस हवा होता, ज्याला त्यांतून दात घासायचे नाहीत. तो घरात एकच होता. सासऱ्यांनी नवी आणि घरातली जुनी फ्लोराइडची, अशा दोन्ही ट्यूब घेतल्या, आपल्या खोलीचं दार लावून डब्या भरल्या, कशात काय ते कागदावर लिहिलं आणि पाकीट चिकटवून उशीखाली ठेवलं. डबी संपली की पुन्हा भरायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

नवरा-बायकोने सकाळी क वापरायची आणि संध्याकाळी ख, असं ठरलं. (एकाच दाताला दोन्ही लावल्यावर गुण कशाचा हे कसं कळणार, असं बायकोने विचारलं. तिला शास्त्रातलं कळत नाही, असं तिला सांगण्यात आलं.) न्हाणीघराच्या दारावर तक्ता लागला. गुळगुळीतपणा, ताजेपणा, चव, प्रत्येकाला दहापैकी गुण. चौथ्या दिवशी ख पुढे गेली. दहाव्या दिवशी तपासनीसांनी लिहिलं, "क: खरखरीत, तोंडात चुना राहिल्यासारखं वाटतं. ख: काचेसारखा गुळगुळीत स्पर्श, दाढेला आतून आधार." बायको मात्र आपल्या रकान्यात रोज एकच शब्द लिहायची, "सारखंच". आठवडाभर त्यांनी तो सहन केला आणि मग खाली लाल पेनाने शेरा मारला, "निरीक्षण सुधारावे".

दाढेची तऱ्हा वेगळीच होती. ते उजव्या बाजूनेच चावायला लागले, चहा कोमट करून प्यायला लागले, एकदा पेरू बघून उठून गेले. तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. बायकोला काळजी लागली होती. तिने दाताच्या कण्या केल्या, पण ते चाचणी अर्धवट सोडायला तयार होईनात. उलट सतराव्या दिवशी त्यांनी चार पानी अहवाल मेहुणीला पाठवला, की ख म्हणजेच नवी पेस्ट, यात आता शंका उरली नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी मेहुणी आली. सासऱ्यांनी पाकीट आणलं. तपासनीसांनी ते स्वतः फोडलं, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं.

"क, जुनी. ख, जुनी. नवी मला आवडली."

त्यांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग सासऱ्यांनी शांतपणे खुलासा केला. भरायच्या आधी त्यांनी नवी पेस्ट कवळीला लावून पाहिली होती. एवढी छान वस्तू डबीत घालून तिची परीक्षा कशाला बघायची, असं त्यांना वाटलं. जुनी घरात भरपूर होती. तेवढं सांगून ते हसले आणि त्यांची कवळी खिडकीच्या उजेडात झकास चमकली. कवळी पेस्टने घासायची नसते, ओरखडे पडतात, असं मेहुणीने त्यांना तिथल्या तिथे सुनावलं.

बायको दारावरच्या तक्त्यापाशी गेली. सगळे "सारखंच" तिने बोट ठेवून मोजले, लाल शेऱ्यापाशी जरा थांबली आणि तक्ता घडी करून कपाटात जपून ठेवला. तपासनीसांना तिने एका शब्दाने दुखावलं नाही, आणि त्याचीच त्यांना जास्त धास्ती वाटली.

सोमवारी ते आपल्या पायांनी गेले. दाढेला भोक होतं. यंत्राचा आवाज घरातल्या मिक्सरपेक्षा कमी निघाला आणि वीस मिनिटांत दाढ बुजवून झाली. तीन आठवड्यांपूर्वी आले असते तर दहा मिनिटांत झालं असतं, एवढंच मेहुणी म्हणाली. अर्धा गाल बधिर घेऊन तपासनीस घरी आले, तेव्हा सासरे दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"जावईबापू, एक विसरलो बघा. एकाच औषधात दोन चवी लागतात त्या माणसाला तुमच्या कारखान्यात कुठे पाठवतात?"

तपासनीसांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते अर्धंच उघडलं आणि शब्दाऐवजी लाळ आली. उत्तराची गरजही नव्हती. आतल्या खोलीत बायकोने माळ्यावरचं जुनं सामान काढून चार खोक्यांत भरून ठेवलं होतं. तिने प्रेमाने त्यांच्या गालावरून हात फिरवला (त्यांना तो कळला नाही) आणि सुतळीचा गुंडा त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळपर्यंत चारही खोकी बांधून झाली. चहा घेऊन तपासनीस बघायला आले, तर सगळ्यांत वरच्या खोक्यावर लाल पेनाने ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, "गाठी सुधाराव्यात".