आधी त्यांचं होऊ द्या

गोठ्यात पाय घसरून कस्तुराबाईंचा घोटा मोडला, तोही ऐन भाताच्या आवणीच्या तोंडावर! प्लास्टर दीड महिन्याचं, आणि रोपं झाली होती वीस दिवसांची. आठवडाभरात ती खाचरात गेली नाहीत तर कांड धरून निबर होणार आणि वर्षाचा इंद्रायणी तांदूळ हातचा जाणार.

कार्ल्यातली चार घरं आवणी सावडीनं करायची. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे आमच्या. कुणाचं आधी, कुणाचं मागून, हे इतकी वर्षं कस्तुराबाईच ठरवायच्या. यंदा ते काम त्यांच्या मुलानं, अमृतनं, अंगावर घेतलं. अमृत कंपनीचं काम घरूनच करायचा.

"आई, तू गप पडून राहा. तीनशे माणसांचं काम आम्ही ट्रॅकरवर चालवतो. चार घरांचं काय घेऊन बसलीस!"

त्यानं लॅपटॉपवर ट्रॅकरमध्ये 'आवणी' नावाचं मोठं काम उघडलं आणि त्याचे एकेचाळीस तुकडे केले. चिखलणी, रोपं उपटणं, मुठी बांधणं, लावणी, न्याहारी. न्याहारीचेही तुकडे: भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा फोडणे. आता कोणतं काम कुणाच्या मागून, एवढं जोडायचं राहिलं. म्हणून त्यानं चारही घरांना विचारलं, आधी कुणाचं?

"माझं काय रं एवढं!" शालूबाई म्हणाली. "आधी रखमाजींचं होऊ दे."

"छ्या! हौशीरामचं आधी," रखमाजी म्हणाले. "त्येचं खाचर खोलात हाय."

"तुज्या आईचा पाय मोडलाय आन् मी पुढं होऊ व्हय?" हौशीराम म्हणाला. "आधी तुमचं."

"आपलंच आधी? लोक काय म्हनतील!" आई म्हणाली. "शालू एकटी बाई हाय, आधी तिचं."

अमृत पडला सरळ माणूस. ज्यानं जे सांगितलं ते त्यानं जसंच्या तसं जोडलं आणि यादी सगळ्यांच्या मोबाईलवर धाडली. प्रत्येकाच्या नावापुढं लाल अक्षरांत आलं: 'थांबा.'

सोमवारी सगळे थांबले. मंगळवारीही थांबले. "रखमाजींचं झालं का रं?" शालूबाईचा फोन. "हौशीराम उतरला का?" रखमाजींचा फोन. काम अडलं की त्याचे आणखी बारीक तुकडे करायचे, ही कंपनीची शिकवण. अमृतनं एकेचाळीसाचे सत्त्याण्णव केले. त्यात 'बांधावर पोचणे' हाही एक होता. बांधावर कुणी पोचलं नाही ते नाहीच.

गुरुवारी रोपांचे शेंडे पिवळे दिसले तसा कस्तुराबाईंचा धीर सुटला. "दाव बगू तुजी यादी!"

अमृतनं वाचून दाखवली. शालूबाई थांबली रखमाजींसाठी, रखमाजी हौशीरामसाठी, हौशीराम कस्तुराबाईंसाठी, आणि कस्तुराबाई शालूबाईसाठी. फिरून फिरून भोपळे चौकात!

"आरं येड्या," कस्तुराबाईंनी कपाळावर हात मारला, "'आधी त्येंचं' हे नुसतं म्हनायचं आसतं. ते लिवून घ्यायचं आसतं व्हय?"

अमृतचा चेहरा एवढासा झाला. "मग तू दरवर्षी काय करायचीस?"

"थाप मारायची. आन फोन हिकडं."

त्यांनी रखमाजींना लावला. "आवो, समदे शालूच्या खाचरात उतरल्यात, तुमचीच वाट बगत्यात!" हेच हौशीरामला. शालूबाईला सांगितलं, "रखमाजी निगाल्यात तुज्याकडं, भाकरी टाक." शरमेनं धावत सुटलेली माणसं अर्ध्या तासात शालूबाईच्या बांधावर एकमेकांना धडकली. दिवस मावळायच्या आत तिची आवणी उरकली.

"आता उद्या आपलं," अमृत म्हणाला.

"न्हाई. थाप मारनाऱ्यानं शेवटाला ऱ्हायाचं. न्हाईतर पुढल्या साली कोन इस्वास ठेवंल? उद्या रखमाजी, परवा हौशीराम."

"आणि रोपं गेली तर?"

कस्तुराबाई भिंतीकडं तोंड करून निजल्या. त्यांनाही तीच भीती होती.

सकाळी शालूबाईचा फोन आला. "कस्तुरा, समदे तुज्या खाचरात उतरल्यात. चिखलणी बी चालू झाली."

"मला थापा शिकवती व्हय गं?" कस्तुराबाईंनी फोन बंदच केला. "रखमाजींचं सोडून कोन येतंय!"

अमृत ओट्यावर गेला. खाली त्यांच्याच खाचरात पंधरा माणसं वाकली होती, आणि सगळ्यांत पुढं रखमाजी.

"आई, खरंच आलेत गं!"

कस्तुराबाईंनी पदरानं डोळे पुसले, मग लेकावर खेकसल्या, "बगत काय ऱ्हायलास? च्या टाक! आन् शालूला फोन लाव. खरं बोलली ती, आन् मी फोन तोंडावर आपटला तिच्या."