कावून कापले?

आमच्या नामाकाकांनी आयुष्यात एकदाच एका महिन्यात दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून फुकटच्या मर्यादेपेक्षा जास्त वेळा पैसे काढले आणि त्यांचे तेवीस रुपये कापले गेले. पुढचे अकरा दिवस काका रोज बँकेत जात होते. सकाळची हार-गजऱ्यांची गर्दी ओसरली की फुलांवर ओलं फडकं टाकायचं, तडक मॅनेजरसमोरच्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि एवढंच विचारायचं, "कावून कापले?" म्हणजे, का कापले?

मॅनेजरनं नियम समजावून सांगितला, छापील कागद दाखवला, दोनदा चहा पाजला. शेवटी बिचाऱ्यानं स्वतःच्या खिशातून तेवीस रुपये काढून टेबलावर ठेवले. काकांनी ते दोन बोटांनी परत सरकवले आणि म्हणाले, तुमचे नाई पायजेत साहेब, बँकेनं कापले त बँकेनं द्यावं. तीन महिन्यांनी त्या मॅनेजरची बदली झाली. काका निरोपाला शेवंतीचा चांगला जाडजूड हार घेऊन गेले, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी नव्या मॅनेजरच्या समोर जाऊन बसले.

आमच्या घरात फुलं पिकवायची ती बाबांनी आणि विकायची ती काकांनी, अशी वाटणी आहे. बाबा शेतात झेंडू आणि शेवंती लावतात आणि पैशाच्या गोष्टीत पडत नाहीत. काकांचं अमरावतीच्या राजापेठेत फुलांचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन शिकवणी वर्गांच्या जिन्यांमधली सांदच ती. समोर इतक्या गाड्या उभ्या असतात की गिऱ्हाइकाला हँडलांवरून हात लांबवून हार घ्यावा लागतो. तिथं काकांशी भाव करायला कुणाची हरकत नाही. भाव करून पाच रुपये कमी केले तर काका हसत देतात, वर एखादं गुलाबाचं फूलही टाकतात. समोरच्यानं मागून घेतलं तर ते देणं. न विचारता घेतलं तर ते कापणं. एवढाच त्यांचा हिशोब. वीजबिलातली दंडाची रक्कम असो, मोबाइलचा रिचार्ज असो, नाहीतर सिनेमाच्या तिकिटावरचं 'सुविधा शुल्क' असो, काका विचारणार, "कोनाची सुविधा?" काकांचं लग्न झालं नाही. त्याचं खरं कारण मला माहीत नाही, पण लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थानं आपले वेगळे पैसे मागितले आणि काका उठून आले, असं आई हसत सांगते.

अशा माणसाच्या पुतणीनं शिकायला इटलीत जायचं ठरवलं.

मला फळं-भाज्या टिकवण्याच्या शास्त्रात पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. प्रवेश मिळाला, फीमध्ये सवलतही मिळाली. बाबांनी पेढे वाटले. आईनं डोळे पुसले. काकांनी चष्मा लावून पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "तठी पैसे काढले त कापतात किती?"

मला ते ठाऊक नव्हतं. काका म्हणाले, मग तू कायचा अभ्यास करून राहिली?

त्या दिवसापासून आमच्या घरात युरोचं राज्य सुरू झालं. काका अमरावतीतल्या यच्चयावत बँकांत जाऊन आले. रुपयांचं कार्ड परदेशात वापरलं की प्रत्येक खरेदीवर बँक थोडे टक्के वर कापते, आणि नोटा काढल्या की प्रत्येक वेळी ठराविक रक्कम वेगळी, हे त्यांनी शोधून काढलं. कोणती बँक किती कापते, हे त्यांना तोंडपाठ झालं. झेंडूच्या भावासारखं ते गिऱ्हाइकांनाही ऐकवू लागले. ज्या बाईंना सत्यनारायणाला पाच हार हवे होते, त्यांना परदेशी व्यवहाराच्या शुल्काबद्दल जेवढी माहिती झाली, तेवढी मला परदेशात जाऊनही झाली नाही.

एवढ्यानंही समाधान झालं नाही, तेव्हा ते अकोल्याला गेले. तिथं त्यांचे शाळेतले दोस्त सलीमभाई कापडाचा धंदा करतात. त्यांचा मुलगा बाहेरच्या देशात शिकून आलेला. नाशिकला घर केलेल्या आमच्या मामांकडे काका बारा वर्षांत गेले नव्हते, पण सलीमभाईंकडे ते दोन महिन्यांत तीनदा जाऊन आले. आईनं एकदा सहज म्हटलं, भाऊजी, अकोल्याच्या तिकिटातच युरो जाऊन राहिले. काका म्हणाले, तिकीट म्या इचारून काढलं वयनी.

सलीमभाईंकडून काकांनी जे आणलं, ते कुठल्याच बँकेनं सांगितलं नव्हतं. परदेशातलं मशीन पैसे देण्याआधी विचारतं, तुमच्या रुपयांत हिशोब करू की इथल्या युरोत? रुपयांचा आकडा पाहून माणसाला घरचं वाटतं आणि तो हो म्हणतो. तिथंच तो फसतो, कारण रुपयांचा भाव मशीनवाला आपल्या मनानं लावतो. सलीमभाईंचा मुलगा पहिले सहा महिने रुपयांतच हो म्हणत राहिला होता. "मशीन मीठा बोलेंगी," सलीमभाईंनी सांगून पाठवलं होतं, "बच्ची को बोल, हाँ नहीं बोलना."

मग सराव सुरू झाला. रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात काका मशीन होऊन उभे राहायचे. मी त्यांच्या हातात कार्ड म्हणून बसचा पास द्यायचा, बोटांनी हवेत आकडे दाबायचे, आणि काका शक्य तितक्या गोड आवाजात विचारणार, बाई, रुपयात देऊ का युरोत? मी म्हणायचं, युरोत. पहिले दोन दिवस सोपं गेलं. मग मशीन चलाख झालं. बाई, थकली असशीन. बाई, रुपयातच घे, घरचे हायेत. एकदा तर मशीन म्हणालं, माय आठवते काय वो, रुपयात घे. आई आतून भाकरी थापता थापता म्हणाली, असं मशीन अमरावतीत असतं त मीच पैसे टाकले असते.

खातं माझ्या आणि काकांच्या नावावर एकत्र उघडलं. मोबाइल नंबर काकांचा दिला, म्हणजे तिकडे मी एक पैसा खर्च केला की मेसेज राजापेठेत वाजणार. काकांचा आदेश असा होता की नोटा महिन्यातून एकदाच काढायच्या, कारण प्रत्येक वेळी वेगळं कापतात. दूध, पाव, भाजी जे काही किरकोळ असेल ते कार्डानंच घ्यायचं.

इटलीत उतरले, त्याच दिवशी स्टेशनवर घोळ झाला. दोन विमानं, एक बस, पाठीवर ओझं, हातात सामान. खोलीच्या मालकिणीला नोटाच द्यायच्या होत्या, म्हणून मशीनसमोर उभी राहिले. पडद्यावर रुपयांचा आकडा आला. खाली हिरवं बटण, त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत काहीतरी. मी हिरवं बटण दाबलं. नोटा बाहेर आल्या आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय.

खोलीवर पोचेपर्यंत काकांचा फोन आला. मी उचलायला घाबरत होते. महिनाभराचा सराव, तीन अकोल्याच्या फेऱ्या, आणि मी पहिल्याच मशीनला हो म्हणून बसले होते. काकांनी रागाचा एक शब्दही काढला नाही. विचारलं, "मशीन गोड बोललं काय?" मी म्हटलं, बोललंच नाही काका, नुसतं हिरवं बटण होतं. ते म्हणाले, थे माहीच चूक झाली, हिरव्या बटनाचं म्या शिकोलंच नाई. जेवली काय?

त्यानंतर मी एकदाही चुकले नाही. तिथल्या राहण्याच्या परवान्याला तीन महिने लागले आणि तोवर तिथलं खातं उघडता येत नव्हतं. तोपर्यंत मी काकांच्या कार्डावरच जगले. पाव घेतला, मेसेज. टोमॅटो घेतले, मेसेज. बसचा पास काढला, मेसेज. काकांचा रविवारी फोन यायचा तो असा की, बुधवारी काई घेतलं नाई वाटते, दूध होतं काय घरात? मला वाटायचं, कापलेल्या पैशांवर लक्ष आहे. मग मी मुद्दाम पै-पैचा हिशोब सांगायची आणि ते ऐकून घ्यायचे.

परवाना आला त्याच आठवड्यात मी तिथल्या बँकेत विद्यार्थ्यांचं खातं उघडलं. त्या खात्याला कसलंच शुल्क नव्हतं, कार्ड वापरायला नाही की नोटा काढायला नाही. घरून सहा महिन्यांचे पैसे एकदम मागवले की कापायचे ते एकदाच कापणार. मी नाचतच काकांना फोन केला. काका, आता कुणी काही कापू शकत नाही! काका म्हणाले, बेस झालं. पेढे वाटाले पायजे. फोन जरा लवकरच ठेवला, पण दुकानात गर्दी असेल असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, तोही भर दुपारी. आधी विचारलं, आपलं कार्ड हरपलं त नाई ना? मी म्हटलं, आहे, कपाटात ठेवलंय. मग त्यांनी तक्रार मांडली. बँक दर तिमाहीला मेसेज पाठवायचे पैसे कापते. इतके दिवस मेसेज येत होते, तोवर ठीक होतं. आता मेसेज एक नाही आणि पैसे मात्र कापणारच. हा सरळसरळ अन्याय आहे. तेव्हा मी आठवड्यातून एकदा त्या कार्डानं काहीतरी घेत जावं.

मी त्यांना हिशोब करून दाखवला. काका, मेसेजचे कापतात त्यापेक्षा माझ्या आठवड्याच्या पावावर जास्त कापले जातील. आपलाच तोटा आहे.

मागे कुणीतरी मोगऱ्याचा गजरा मागत होतं, त्याला काकांनी थांब म्हटलं.

"मले समजते पोरी," ते म्हणाले. "होऊ दे तोटा."

तेव्हापासून मी दर शनिवारी, एक वाजता वर्ग सुटला की कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन त्या कार्डानं एक पाव घ्यायला लागले. रविवारच्या फोनवर काका त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. फुलांचे भाव सांगत, बाबांच्या गुडघ्याबद्दल सांगत, सलीमभाईंच्या मुलाचं लग्न ठरल्याचं सांगत. मीही विषय काढत नसे. महिना-दीड महिना असा गेला.

मग एकदा आई बोलता बोलता म्हणाली, तुया काकाले समजाव काई. शनिवारी दुकानातून डबा तसाच परत येते, नाईतर संध्याकाळी सहा वाजता जेवतेत. इचारलं त म्हनते, भूक नोती. वरच्या क्लासमधली पोरं सांगतात, फोन समोर ठेवून बसले राहतेत, अन तो वाजला की मग डबा उघडतेत.

आमच्याकडे एक वाजतो तेव्हा अमरावतीत साडेपाच झालेले असतात, हे गणित मी आजवर कधी मांडलंच नव्हतं.

बेकरी सकाळी सातला उघडते. पुढच्या शनिवारी मी पावणेसातलाच बंद दारासमोर जाऊन उभी राहिले. थंडी मरणाची होती. आतली बाई काचेतून माझ्याकडे पाहून घड्याळ दाखवत होती आणि मी तिला खुणेनं सांगत होते, असू दे, थांबते मी. सातला दार उघडलं, मी पाव घेतला, कार्ड टेकवलं. राजापेठेत तेव्हा साडेअकरा वाजले होते.