रहिमानभाईंची सुधारलेली बंदूक

रहिमानभाई मुलाणी आमच्या गिरणीत यायचे ते दळण घेऊन नव्हे, बंदूक घेऊन. डबे लावून बसलेल्या बायकांपैकी एखादीला हेरायचे आणि तिच्यासमोर छऱ्याची बंदूक धरून म्हणायचे, "वहिनी, जरा डाव्या हातानं मोडून बघता का?"

मोडायची म्हणजे नळी खाली दाबून बंदूक मधोमध वाकवायची. त्यानं आतली स्प्रिंग दबते, मग छरा घालायचा. जत्रेत फुगे फोडायला जी बंदूक असते तीच ही. पण गिरणीत पिठानं पांढरी झालेली बाई अशा कामाला एकदम तयार होत नाही.

"डाव्यानं कशाला?" पार्वताबाई एकदा कडाडली. "उजव्याला काय धाड भरलीया?"

"उजव्यानं कुणीबी मोडंल. डाव्याचं बोला."

"डाव्या हाताची एक ठेवून दिली ना मुलाणी, तर बंदुकीआधी तुमी मोडाल!"

सगळ्या हसल्या. रहिमानभाई हसले नाहीत. पार्वताबाईनं शेवटी नळी दाबली, ती अर्ध्यावर अडली, आणि ते मान हलवत "अजून जड हाय" असं पुटपुटत निघून गेले.

पौडच्या बाजारात आमच्या गिरणीला लागून त्यांचं स्टोव्ह आणि बत्त्या दुरुस्तीचं दुकान होतं. जत्रांचे दिवस आले की दुकानाला कुलूप लावून ते फुग्यांची फळी आणि बंदूक घेऊन गावोगाव फिरत. बंदूक साधी, जुनी. ती चालत होती हीच तिची चूक. चालणारी वस्तू रहिमानभाईंना बघवत नसे. तिच्यात काहीतरी नवीन बसवायचं, मग ती का चालत नाही याचा शोध घेत आठवडा काढायचा. "सुधारणा झाली वहिनी," ते मोठ्या समाधानानं सांगत. "आता बिघाड हुडकायचा." जणू दोन्ही एकाच पुड्यात मिळतात.

पूर्वी त्यांना जोर हवा असे. एका वर्षी कुठल्याशा मोटारीची स्प्रिंग कापून त्यांनी आत बसवली. छरा फुगा फोडून, फळी फोडून मागच्या कासाराच्या बांगड्यांत शिरला. कासारीण जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

म्हणून पुढे ते स्प्रिंग मऊ करायच्या मागे लागले तेव्हा अख्ख्या बाजारानं कासारणीला श्रेय दिलं. मीही दिलं. जोर कमी करण्यासाठी इतका खटाटोप करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. स्प्रिंग बदलली की आतला चामड्याचा वायसर जुळेना. वायसर जाड केला की दट्ट्या अडके, पातळ केला की हवा बाजूनं निसटे आणि छरा नळीतून बाहेर येऊन त्यांच्याच पायाशी पडे. हे चामडं कुठलं? माझ्या गिरणीच्या जुन्या पट्ट्याचं. पट्टा बदलला की तुकड्यासाठी ते हजर. एकदा तर चालत्या पट्ट्याकडे बघत उभे राहिले.

"वहिनी, ह्यो अजून किती दिस टिकंल?"

"तुमची नजर लागली नाही तर वर्षभर."

मग नळी हलकी दबावी म्हणून त्यांनी आत गोडंतेल ओतलं. त्या दिवशी गिरणीत बंदूक उडाली ती फटाक्यासारखी. दणका, धूर, आणि पार्वताबाईचे तांदूळ जमिनीवर. "तेल जास्त झालं," धुरातून आवाज आला. "बिघाड सापडला!" मी त्यांच्या हातात झाडू दिला. मग त्यांनी नळीवर लांब पाइप चढवला, म्हणजे दाबायला सोपं जाईल. सोपं गेलं, पण नेम धरायला टोकाला असते ती माशी त्या पाइपावर बसवलेली. पाइप फिरला की माशी फिरे आणि छरा आमच्या पत्र्यावर.

घरात वेगळंच चाललं होतं. त्यांच्या बायकोनं, हलिमाभाभींनी, निर्वाणीचं सांगितलं होतं, "चांद्याच्या जत्रेला बंदूक धड चालली तर चालली. न्हाई तर लोहाराकडं देईन आन् इळा करून आनीन." आणि भाभी बोलल्याप्रमाणे करणाऱ्या होत्या.

एरवी या बंदुकीवर त्यांचाच जीव. फळी चालायची ती त्यांच्यामुळे. पोरांचे नेम चुकायला लागले की भाभी डोक्यावरचा पदर सारखा करून उठायच्या आणि कोपऱ्यातला सगळ्यात लहान फुगा फोडून परत जागेवर बसायच्या. मग पोरं हटायची नाहीत. पण पावसाळ्यात नदीच्या वाटेवर घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच सांधलं. धुणंही धड पिळलं जाईना. तेव्हापासून त्या जत्रेला जात नव्हत्या. गिरणीतही फिरकत नव्हत्या.

हे मला ठाऊक होतं, आणि डाव्या हाताचं खूळही रोज समोर होतं. पण गिरणीच्या आवाजात माणूस दोन गोष्टी एकत्र ऐकत नाही.

जत्रा तोंडावर आली असताना एका दुपारी गिरणीत मी एकटीच होते. त्यांनी बंदूक माझ्यापुढे केली. मी डाव्या हातानं नळी दाबली. ती लोण्यासारखी गेली. रहिमानभाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पोत्याला एक फुगा बांधला, मागे जाऊन नेम धरला आणि चाप ओढला. छरा बरोबर फुग्यावर लागला. फुगा मागे गेला, पुढे आला, आणि छरा टपकन खाली पडला.

"एवढंच ना," मी म्हणाले. "जत्रेत फळी जरा पुढे घ्या. झालं."

ते दारापर्यंत गेले, दुकानाकडे बघून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "न्हाई वहिनी. फळी पुढं घेतली तर तिला कळंल."

"कुणाला?"

"हलिमाला. फळी हुती तितंच पायजे, बंदूक हुती तीच पायजे. तिच्यासाठी सोपं केलंय असं कळलं तर हात लावायची न्हाई. तशीच हाय ती."

नव्या पट्ट्याचं टोक जास्तीचं होतं, ते कापून त्यांना दिलं.

चांदे माझं माहेर, त्यामुळे जत्रेला मी होतेच. फुगे बांधायला माणूस नाही असं सांगून रहिमानभाईंनी भाभींना आणलं होतं. भाभी उजवा हात पदराखाली घेऊन बाजूला बसल्या होत्या. गावातल्या एका पैलवानानं पहिला छरा मारला. फुगा नुसता हलला.

"मुलाणी, ही बंदूक हाय का पिचकारी?"

"आरं फुकर मार, फुटंल!"

रहिमानभाई वायसरबद्दल काहीतरी सांगायला लागले. ऐकतो कोण? भाभींनी थोडा वेळ ते सहन केलं. मग उठल्या. "आना हिकडं."

त्यांनी बंदुकीचा दस्ता मांडीला टेकवला आणि डाव्या हातानं नळी दाबली. ती दबली तशी क्षणभर थांबून त्यांनी बंदुकीकडे पाहिलं. रहिमानभाई पलीकडच्या भेळवाल्याकडे अशा निष्ठेनं बघत होते की जणू ते भेळ खायलाच आले होते. भाभींनी बंदूक पुढ्यातल्या आडव्या फळकुटाला टेकवून नेम धरला. छरा लागला कोपऱ्यातल्या लहान फुग्याला, अगदी मधोमध. फुगा हलला आणि थांबला.

कुणी हसलं नाही. रहिमानभाईंनी मान खाली घातली.

भाभी पुढे गेल्या, तो फुगा चिमटीत दाबून पाहिला आणि वळून म्हणाल्या, "फुगं ढिलं हायेत."

"अगं, स्प्रिंग जरा..."

"स्प्रिंगचं कोन इचारतंय? बंदुकीत काय बी खोट न्हाई. शिळ्या वड्यावानी फुगं बांधल्यात. घट्ट फुगवा."

रहिमानभाई जमिनीवर बसले आणि फुगवायला लागले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. एक फुगा त्यांच्या तोंडावरच फुटला. दुसरा खिळ्याला अडकवला तो टणक, जरा बोट लागलं तरी जाईल असा. भाभींनी छरा मारला. फट्! तिसरा अडकवला. फट्!

स्प्रिंग मऊ झालीय हे त्या हाताला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

"आमची पाळी कवा?" पोरं ओरडायला लागली. पैलवान तर सगळ्यात पुढे. रहिमानभाईंनी तोंडातला फुगा न काढता हातानंच त्यांना थांबवलं, फुगा बांधला, भाभींच्या समोरच्या खिळ्याला अडकवला आणि बाजूला झाले.