बर्फाच्या लादीवरची चटई

सामंतकाका मे महिन्यात स्वेटर आणि माकडटोपी घालून बर्फावर झोपायचे. चोरूनबिरून नाही. कोपरखैरण्याच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, रविवारी सकाळी, बाकीचे लोक पापड वाळत घालतात त्या वेळी. तळवलीजवळच्या बर्फाच्या कारखान्यातून हातगाडी यायची. गोणपाटात गुंडाळलेल्या अर्ध्या-अर्ध्या लाद्या वर चढायच्या. काका त्या जोडून मांडायचे, वर त्या आठवड्याची चटई अंथरायचे आणि डाव्या कुशीवर आडवे होऊन डोळे मिटून घ्यायचे. पापडवाल्या बायका त्यांना वळसा घालून जायच्या.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "काका, उकडतंय म्हणून का?"

"उकडतं वरून," काका डोळे न उघडता म्हणाले. "थंडी खालून येते."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की आमच्या समितीच्या घोषणासुद्धा मी तेवढ्या वेळा दिल्या नसतील. काकांचं म्हणणं असं की जगातला प्रत्येक मूर्ख माणूस थंडीसाठी पांघरूण शोधतो. रजई घेतो, शाल घेतो, स्वेटरवर स्वेटर घालतो. आणि रात्री जमीन त्याच्या पाठीतून सगळी ऊब शोषून घेते. "बर्फात तंबू ठोकलास ना, की पांघरूण दुय्यम. अंथरूण मुख्य. अंथरूण चुकलं की माणूस चुकला."

यावर विचारायचा प्रश्न एकच होता, आणि तो अख्ख्या कॉलनीने विचारून झाला होता. कोपरखैरण्यात बर्फ कुठे पडतो? इथे जानेवारीतही पंखा बंद केला की डास येतात. काकांचा जन्म गिरगावातला, मूळ गाव मालवणकडे. दोन्हीकडे स्वेटर हा लग्नाच्या फोटोपुरता घालायचा कपडा. पण हा माणूस ऑफिसातून सुटला की गाद्यावाल्यांकडे, भंगारवाल्यांकडे, दवाखान्याचं सामान विकणाऱ्यांकडे हिंडायचा आणि हाताला लागेल ते काखेत मारून घरी यायचा. काथ्याच्या गाद्या, थर्माकोलचे पत्रे, यंत्रांच्या खोक्यांतून निघालेला फोम, आजारी माणसाच्या पाठीखाली घालतात ती हवेची रबरी गादी. सगळ्यांची परीक्षा व्हायची आणि सगळ्यांचा निकाल एकच लागायचा. "नापास."

परीक्षेचे विषय तीन. पहिला पाणी. काका चटईचा तुकडा बादलीत बुडवून ठेवायचे. बाहेर काढून पिळायचे. पाणी निघालं की नापास, कारण जे पाणी पितं ते बर्फात ओलं होतं आणि ओलं झालं की गोठतं. आमच्याकडे नळाला पाणी यायचं सकाळी एक तास, आणि हे गृहस्थ भरलेली बादली फोमला पाजत बसायचे. मी यावर काकांना गॅलरीत उभं राहून जाब विचारला आहे. काका म्हणाले, "तेच पाणी संडासात ओततो गं. फुकट नाही जात."

दुसरा विषय टिकाऊपणा. त्यासाठी चटई इमारतीच्या दारात, जिन्याच्या पहिल्या पायरीपुढे महिनाभर पडलेली असायची. तिच्यावरून दूधवाला जायचा, शाळेची पोरं जायची आणि मुख्य म्हणजे गॅसवाला सिलिंडर गडगडवत न्यायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा फळ्यावर लिहिलं की सार्वजनिक जागेत खाजगी अंथरूण ठेवू नये. काकांनी त्याखाली खडूने लिहिलं, "पाय पुसून जावे." थर्माकोल पहिल्याच सिलिंडरला गेला. त्याचे पांढरे मणी दिवाळीपर्यंत जिन्यात सापडत होते.

तिसरा विषय ऊब, म्हणजे बर्फावर झोपणं. हवेच्या गादीवर काका फार आशेने झोपले होते. "मऊ आहे," म्हणाले. थोड्या वेळाने उठून बसले. "आतली हवाच गार होते की. म्हणजे पैसे देऊन थंडीवर झोपायचं. नापास." त्या आठवड्यात वितळलेलं पाणी गच्चीतून खालच्या कुलकर्ण्यांच्या देवघरात उतरलं आणि काकांची गच्ची बंद झाली. मग ते थेट तळवलीच्या कारखान्यातच जायला लागले.

काकू यात कुठे होत्या? काकू दारात उभ्या राहून चटया येताना बघायच्या आणि चटया जाताना बघायच्या. बारीक चणीची बाई, अंगाने माझ्याएवढीच. रस्त्यात कुणी खवचटपणे विचारलं, "काय वहिनी, साहेब निघाले का हिमालयात?" तर सरळ चेहऱ्याने सांगायच्या, "अजून अंथरूण पास व्हायचंय."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय माझा संताप कळणार नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडचे रसायनांचे कारखाने रात्री वायू सोडायचे. दिवसा नाही, कारण दिवसा तपासणी अधिकारी जागे असतात. कुजक्या अंड्यांचा वास, कधी जळक्या रबराचा, कधी ज्याला नावच नाही असा. लहान मुलं खोकत उठायची. आम्ही पाच-सहा जणांनी समिती काढली होती. मी सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं घेऊन घणसोली गावापासून वाशीपर्यंत दारं ठोठावत होते. आणि माझ्याच मजल्यावर राहणारे सामंतकाका नेमके अशाच एका कारखान्यात हिशेबनीस होते.

मी त्यांना सोडलं नाही. "काका, तुम्ही बोललात तर वजन पडेल. तुम्ही आतले आहात."

काका एका फोमला नखाने टोचत होते. "हे बघ मोर्चा," ते मला मोर्चाच म्हणायचे, "वास वरून येतो. थंडी खालून येते. तू वरचं बघ, मी खालचं बघतो."

मी त्यांना बेजबाबदार मध्यमवर्गीय म्हटलं. तोंडावर म्हटलं. काका म्हणाले, "बरं. वजन किती तुझं?"

त्यांची अडचण अशी होती की ते स्वतः जाडे. त्यांच्या खाली कुठल्याही फोमचा पापड व्हायचा, त्यामुळे निकाल चुकतो अशी त्यांना शंका होती. त्यांना हलकं माणूस हवं होतं. मी म्हटलं, मी बर्फावर झोपते, तुम्ही समितीच्या सभेला या. काका म्हणाले, येतो, बोलणार मात्र नाही. चळवळीत असे सौदे करावे लागतात.

बर्फाचा कारखाना जनाशेठ पाटलांचा. जनाशेठ मूळचे तिथलेच, खाडीवरचे. त्यांच्या वडिलांची भातशेती नव्या शहरात गेली आणि उरल्या तुकड्यावर त्यांनी मासेवाल्यांसाठी बर्फ पाडायला सुरुवात केली. मला बघून म्हणाले, "काका, आज पोरीला आनलाव? घरचा पलंग मोडलाय का तुमचा?"

"पलंग ठीक आहे, जनाशेठ. पलंगाखाली बर्फ नाही."

"यो मानूस खुला हाय," जनाशेठ मला म्हणाले, म्हणजे वेडा आहे, आणि साठवणीच्या खोलीचं जाड दार उघडलं. आत लाद्यांच्या रांगा होत्या, वर गोणपाट, भाताचा तूस, आणि गुडघ्यापर्यंत पांढरी वाफ. काकांनी चटई अंथरली. "डाव्या कुशीवर," ते म्हणाले. मी म्हटलं, मी पाठीवर झोपते. "तुला कोण विचारतंय? डाव्या कुशीवर. आणि कमरेचं हाड टेकतं तिथे थंडी येते का, तेवढं सांग."

मी निषेधाच्या मनःस्थितीत डाव्या कुशीवर झोपले. थोड्याच वेळात कमरेशी सुई घातल्यासारखं झालं. तसं सांगितलं. "नापास," काका म्हणाले, पण नेहमीसारखं नाही. फार दमून म्हणाले. मग एका लादीवर टेकले आणि कुणीही न विचारता बोलायला लागले.

काकू कॉलेजात असताना त्यांची हिमालयातल्या बर्फातल्या शिबिरासाठी निवड झाली होती. होल्डॉल बांधून तयार होता. त्याच आठवड्यात सामंतांकडची मंडळी मुलगी बघायला येणार असं ठरलं. वडिलांनी होल्डॉल सोडायला लावला. काकूंनी हे लग्नानंतर कधीच सांगितलं नाही. काकांना कळलं दोन-तीन वर्षांपूर्वी, एका मुंजीत, मेव्हण्याच्या तोंडून, गंमत म्हणून.

"म्हणजे बघ," काका म्हणाले, "ज्या दिवशी ती बर्फात असायला हवी होती, त्या दिवशी मी तिच्या हातचे पोहे खात होतो. वर आणखी मागून घेतले. आणि मीठ कमी आहे म्हणालो."

माझ्याकडे यावर पत्रक नव्हतं.

"आता तिची कंबर धरते. डाव्या कुशीशिवाय झोप लागत नाही. नुसती घेऊन जाईन, पण एक रात्र जरी कुडकुडली ना, तर मी नेलं काय आणि नाही नेलं काय."

नंतरच्या पावसाळ्यात चटई सापडली. म्हणजे जमली. खाली यंत्रांच्या खोक्यातला काळा, घट्ट, बंद भोकांचा फोम, जो दोन दिवस बादलीत राहूनही थेंब प्यायला नाही आणि महिनाभर सिलिंडरखाली राहूनही चेपला नाही. वर घोंगडी. कमरेच्या जागी फोमचा आणखी एक थर. छत्रीच्या कापडाची खोळ काकूंनी स्वतः मशीनवर शिवली, आणि शिवताना माप विचारलं नाही. मी जनाशेठकडे त्या चटईवर झोपले आणि चक्क डुलकी लागली. जनाशेठनी दार वाजवून उठवलं. काका बाहेर उभे होते.

"पास," मी म्हटलं.

काकांनी चटईची गुंडाळी केली, खांद्यावर घेतली आणि रिक्षा न करता घरी चालत गेले.

थंडीतली तिकिटं काढायचं ठरलं. मनालीच्या वर कुठेतरी, जिथे तंबूत राहता येतं. काकूंनी जिने चढण्याचा सराव सुरू केला. दुसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागायची. तिथल्या कठड्याला धरून त्या हसायच्या. दिवाळीनंतर वास वाढला. एका पहाटे काकूंना श्वास घेता येईना म्हणून वाशीला न्यावं लागलं. डॉक्टरांनी छाती तपासली, कुठे राहता विचारलं, आणि पत्ता ऐकून मान हलवली. दमा. औषधं चालू ठेवायची, आणि उंचावर, विरळ हवेत जायचं नाव काढायचं नाही. या वर्षी नाही, पुढच्याही नाही.

समितीच्या सभेला काका सौद्याप्रमाणे आले. मागच्या रांगेत बसले. कारखान्याच्या बाजूने आलेले एक साहेब समजावत होते की रात्रीचा वास खाडीच्या चिखलाचा असतो. काका उठून उभे राहिले. बोलायचं नाही असं ठरलं होतं.

"मी त्या कंपनीत हिशेब लिहितो," ते म्हणाले. "चिखल आम्ही विकत घेत नाही. वास आमचाच आहे." आणि खाली बसले.

नंतर त्यांना दुसऱ्या टेबलावर बसवलं गेलं, जिथे काम नसतं. त्यावर मी स्वतंत्र लिहिलं आहे, कडक लिहिलं आहे. काकांनी ते वाचून मला एवढंच विचारलं, "येत्या रविवारी मोकळी आहेस का?"

रविवारी आम्ही चौघं तळवलीला होतो. काका, काकू, मी आणि जनाशेठ. काकूंनी साडीवर स्वेटर, हातापायांत लोकरी मोजे चढवले होते आणि डॉक्टरांना विचारून नाकावर मफलर गुंडाळला होता. "थोडाच वेळ," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"जनाशेठ, इथली उंची किती?" काकूंनी विचारलं.

"खारीच्या बरोबरीला हाय, वयनी. भरतीला पानी दारात येतं."

"मग चालेल," काकू म्हणाल्या.

जनाशेठनी मधल्या लाद्यांवरचे गोणपाट काढून ठेवले होते, तूस झाडून घेतला होता. पांढरा बर्फ भिंतीपासून भिंतीपर्यंत उघडा पडला होता. काकू दारातच थांबल्या. तिथेच बराच वेळ उभ्या राहून बघत राहिल्या. मग काकांनी चटई अंथरली, हाताने सारखी केली, कमरेच्या जागी दाबून बघितली. काकू डाव्या कुशीवर झोपल्या. वाफ त्यांच्या अंगावरून सरकत होती.

काका वाकून म्हणाले, "येते का गं थंडी खालून?"

"नाही हो. अजिबात नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या नापासांनंतर माणूस जसं पाहील तसं पाहिलं. काकूंचे डोळे उघडे होते. त्या समोरच्या लादीकडे बघत होत्या, पण झोपायला सांगितलेल्या माणसासारख्या, अंग चोरून.

"अहो," त्या म्हणाल्या.

"काय गं? कमरेला लागतंय?"

"नाही. काढता का जरा ती?"

"काय काढू?"

"चटई," काकू म्हणाल्या. "थोडा वेळच. मला येऊ दे खालून."

काका तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी काकूंना हाताचा आधार देऊन जरा उचललं, खालून चटई ओढून घेतली आणि गुंडाळली. काकू बर्फावर टेकल्या. त्यांनी दचकून श्वास घेतला, मग हाताचा मोजा काढला आणि तळवा लादीवर सपाट ठेवला. मफलरच्या वर त्यांचे डोळे हसत होते.

काका गुंडाळी छातीशी धरून उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी ती दाराशी ठेवली आणि येऊन काकूंच्या शेजारी उघड्या लादीवर बसले.

"काका," जनाशेठ हळू म्हणाले, "तुमी तरी घ्या की चटई."

"नको," काका म्हणाले.